बोटावरची शाई आणि उद्याची साक्ष

सर्व स्तुती अल्लाहकरिताच आहे, जो सकल विश्वाचा पालनकर्ता आहे, आणि दरूद व सलाम असो अंतिम प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्यावर, त्यांच्या परिजनांवर व सोबत्यांवर.



२० नोव्हेंबर २०२४ रोजी, बुधवारी, आपण मतदान केले. डाव्या हाताच्या तर्जनीवर शाईची खूण उमटली. काही आठवड्यांत नख वाढते आणि ती खूण नाहीशी होते. परंतु कुरआनने सूरह यासीनमध्ये एका अशा दिवसाची वार्ता दिली आहे, ज्या दिवशी माणसाच्या तोंडावर मोहोर लावली जाईल, त्याचे हात बोलतील आणि त्याचे पाय त्याच्या कर्मांची साक्ष देतील (कुरआन, ३६:६५). ज्या बोटाने आपण यंत्रावरील कळ दाबली, तेही त्या हाताचेच एक बोट आहे. आपण कोणाला मत दिले हे सरकारला कळत नाही, शेजाऱ्याला कळत नाही, पती-पत्नीलाही एकमेकांचे कळत नाही. यंत्राशेजारच्या काचेआड चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि बंद पेटीत पडते. परंतु खांद्यांवरचे दोन सन्माननीय लेखनिक आपली नोंद करून ठेवतात आणि ती नोंद कधीही गहाळ होत नाही.

म्हणून निवडणूक संपली तरी तिचा विषय श्रद्धावंतासाठी संपत नाही. आजचे हे चिंतन त्याविषयीच आहे.

मावळचा निकाल

२३ नोव्हेंबर रोजी निकाल लागला. आपल्या मावळ मतदारसंघात राष्ट्रवादी काँग्रेसचे सुनील शेळके यांना १,९१,२५५ मते मिळाली, तर अपक्ष उमेदवार बापू भेगडे यांना ८२,६९० मते मिळाली. अंतर १,०८,५६५ मतांचे होते. या निवडणुकीचे एक वैशिष्ट्य आपण सर्वांनी पाहिले. राज्यात एकमेकांविरुद्ध लढणारे पक्ष येथे एकाच अपक्षाच्या पाठीशी उभे राहिले आणि राज्यात मित्र असलेले येथे समोरासमोर आले. ज्या झेंड्याकडे पाहून पिढ्यान्पिढ्या मत दिले जात होते, तो झेंडा या वेळी वाट दाखवू शकला नाही. मतदाराला माणूस पाहूनच निर्णय घ्यावा लागला.

थोडे मागे पाहू. सुमारे पंचवीस वर्षे मावळ हा भारतीय जनता पक्षाचा बालेकिल्ला मानला जात असे. २०१९ च्या निवडणुकीत त्याच पक्षातून बाहेर पडलेले शेळके ९३,९४२ मतांच्या फरकाने विजयी झाले आणि पराभूत झालेले बाळा भेगडे त्या वेळी राज्यमंत्री होते. पाव शतकाचा किल्ला एका दिवसाच्या मोजणीत दुसऱ्याच्या हाती गेला. अल्लाहने सूरह आलिइम्रानमध्ये सांगितले आहे की हे दिवस तो लोकांमध्ये आलटून-पालटून फिरवीत असतो (३:१४०), आणि राज्याचा खरा स्वामी तोच आहे. तो इच्छितो त्याला सत्ता देतो आणि इच्छितो त्याच्याकडून ती काढून घेतो (३:२६). लोहगड आणि विसापूरच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपणांस हे सत्य समजावून सांगण्याची गरज नसावी. या किल्ल्यांनी किती राजवटी येताना आणि जाताना पाहिल्या आहेत!

एका वडिलांचे दोन प्रश्न

निकालानंतरच्या शुक्रवारी, लोणावळ्यात जुमाची नमाज आटोपल्यावर एक वृद्ध गृहस्थ माझ्याजवळ बसून राहिले. सफ रिकामी झाली तेव्हा ते बोलू लागले.

“मौलाना, दोन मुले आहेत माझी. एक या उमेदवाराबरोबर फिरला, दुसरा त्या. निकाल लागला त्या दिवशी धाकट्याने दारात फटाके लावले. थोरला आतून दार लावून बसला. आज सहा दिवस झाले, एका छताखाली राहतात, पण सलाम नाही. माझ्या घराचा निकाल कोण लावणार?”

मी उत्तर देण्यापूर्वीच त्यांनी दुसरी गोष्ट काढली. आवाज खाली आला होता.

“आणि एक जुनी गोष्ट आहे. फार वर्षांपूर्वीच्या एका निवडणुकीत कोणीतरी घरी पाकीट ठेवून गेले होते. मी ते घेतले. घरात आजारपण होते. पण मत मी माझ्या मनानेच दिले, त्यांना दिले नाही. तेव्हा वाटले, यात गुन्हा कुठला? आता वय झाले. रात्री ते पाकीट आठवते.”

ते पाकीट कोणाचे होते, हे मी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. परंतु त्यांचे दोन्ही प्रश्न केवळ त्यांचे नाहीत. आपल्यापैकी अनेकांच्या घरांत ते आहेत. म्हणून त्यांची अनुमती घेऊन ते येथे मांडीत आहे.

मत म्हणजे काय?

इस्लामच्या जाणकारांनी मताकडे तीन दृष्टींनी पाहिले आहे. पहिली म्हणजे साक्ष. मत देणारा अशी साक्ष देत असतो की माझ्या माहितीप्रमाणे समोरच्या उमेदवारांत हा मनुष्य या कामास अधिक योग्य आहे. दुसरी म्हणजे शिफारस. सूरह निसामध्ये स्पष्ट केले आहे की चांगल्या कामाची शिफारस करणाऱ्यास त्यातील वाटा मिळेल आणि वाईट कामाची शिफारस करणाऱ्यासही त्यातील वाटा मिळेल (४:८५). तिसरी म्हणजे अमानत. त्याच सूरहमध्ये अल्लाहची आज्ञा आहे की अमानती त्यांच्या हक्कदारांच्या स्वाधीन करा (४:५८).

साक्षीविषयी प्रेषितांची (स.) एक हदीस हृदय हलविणारी आहे. ते महापापांविषयी सांगत होते आणि टेकून बसले होते. खोट्या साक्षीचा उल्लेख येताच ते सरळ होऊन बसले आणि तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगू लागले. इतकी की, आता त्यांनी थांबावे, असे सोबत्यांना वाटू लागले (बुखारी, मुस्लिम). ज्याला आपण अयोग्य समजतो त्याला केवळ नात्यासाठी, भीतीपोटी किंवा लाभासाठी योग्य ठरविणे, ही खोटी साक्ष नव्हे तर काय?

आणि साक्ष लपविणे? सूरह बकरामध्ये बजावले आहे की साक्ष लपविणाऱ्याचे हृदय पापी आहे (२:२८३). मतदानाची सुट्टी म्हणून घरी झोपून राहणाऱ्याने याचा विचार करावा.

एक लाख आठ हजार आणि एकशे बासष्ट

येथे कोणी म्हणेल, “मावळात अंतर एक लाखाहून अधिक होते. माझ्या एका मताने काय फरक पडला असता?”

त्याच दिवशी आपल्याच राज्यात लागलेला आणखी एक निकाल पाहा. मालेगाव मध्य मतदारसंघात मुफ्ती मुहम्मद इस्माईल हे केवळ १६२ मतांनी विजयी झाले. राज्यातील सर्वांत कमी अंतर ते होते. १६२ मते म्हणजे किती? एका गल्लीतील घरे. दुपारी ऊन आहे म्हणून, रांग मोठी आहे म्हणून, दुकान बंद ठेवावे लागेल म्हणून जे घरी राहिले, त्यांनीच कदाचित निकाल ठरविला असेल.

तरीही बंधूंनो, मालेगावच्या मताचे मोल अधिक आणि मावळच्या मताचे मोल कमी, असे समजू नका. निवडणूक आयोग मते मोजतो. अल्लाह हेतू पाहतो. न्यायालयात दहा साक्षीदारांनी सत्य सांगितले म्हणून अकराव्याची साक्ष व्यर्थ ठरत नाही आणि त्याला खोटे बोलण्याची मोकळीकही मिळत नाही. आखिरतमध्ये आपणांस असे विचारले जाणार नाही की तुझा उमेदवार किती मतांनी जिंकला. तू सत्य जाणून साक्ष दिलीस की नाही, एवढेच विचारले जाईल. ज्याच्या मताने निकाल फिरला आणि ज्याच्या मताने काहीच फिरले नाही, ते दोघे त्या दिवशी एकाच प्रश्नासमोर उभे राहतील.

पाकिटाचा प्रश्न

आता त्या वडिलांच्या पाकिटाकडे वळू. “पैसे घेतले, पण मत मनाने दिले,” असे म्हणणारे बरेच आढळतात आणि काही जण तर ते चातुर्य म्हणून सांगतात.

लाच देणारा आणि लाच घेणारा या दोघांचाही प्रेषितांनी (स.) धिक्कार केला आहे (तिर्मिजी, अबू दाऊद). धिक्कार घेण्याचा आहे. पुढे काय केले, यावर तो अवलंबून नाही. देशाच्या कायद्यातही हेच तत्त्व आहे. निवडणुकीत लाच देणे आणि घेणे हे दोन्ही गुन्हे आहेत आणि त्यासाठी एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. शिवाय, पैसे घेऊन मत दुसऱ्याला देणाऱ्याने एका पापास दुसरे जोडले. प्रथम अमानतीचा सौदा केला आणि मग सौद्यातही फसविले.

काही जण म्हणतात, ही लाच नव्हे, ही भेट आहे. साडी आहे, सहल आहे, जेवण आहे. याचे उत्तर चौदाशे वर्षांपूर्वीच दिले गेले आहे. अज्द कबिल्यातील एका मनुष्याला जकात गोळा करण्यास पाठविले होते. परत येऊन तो म्हणाला की हा भाग तुमचा आणि हा मला भेट म्हणून मिळाला. प्रेषित (स.) मिंबरवर उभे राहिले आणि लोकांना विचारले की हा आपल्या आई-वडिलांच्या घरी बसून राहिला असता, तर ही भेट त्याच्याकडे चालून आली असती काय? (बुखारी, मुस्लिम). आपणही प्रत्येक भेटवस्तूला हाच प्रश्न विचारावा. निवडणूक नसती, तर हा मनुष्य ही वस्तू घेऊन माझ्या दारी आला असता काय?

एका हदीसमध्ये अशा तीन माणसांचा उल्लेख आहे ज्यांच्याकडे अंतिम निवाड्याच्या दिवशी अल्लाह पाहणारही नाही. त्यांत एक तो आहे, ज्याने आपल्या नेत्याला केवळ ऐहिक लाभासाठी वचन दिले. मिळाले तर निष्ठा राखली, न मिळाले तर सोडून दिली (बुखारी). अल्लाह आपणांस त्या तिघांत गणले जाण्यापासून वाचवो.

मी त्या वडिलांना म्हणालो, “चाचा, तौबाचे दार उघडे आहे. जितकी रक्कम होती तितकी, पुण्याची अपेक्षा न ठेवता, एखाद्या गरजवंताला देऊन टाका. ती आपली नव्हतीच. आणि ही गोष्ट मुलांनाही सांगा. बापाने कबूल केलेली चूक मुलांच्या आयुष्यभर उपयोगी पडते.”

पाकिटाची आणखी एक किंमत असते, जी उशिरा कळते. ज्या हाताने घेतले, तो हात पुढची पाच वर्षे जाब विचारण्यासाठी उठत नाही. पाण्याचा नळ कोरडा राहिला, रस्ता उखडला, दवाखान्यात डॉक्टर नसला, तरी मनात चोर बसलेला असतो की आपण तर आपला हिशेब आधीच चुकता करून घेतला आहे.

योग्य कोण?

मग साक्ष कोणासाठी द्यावी? कुरआनने निकष दिले आहेत. हजरत मूसा (अ.) यांच्याविषयी एका सद्गुणी मुलीने पित्याजवळ शिफारस केली, तेव्हा दोन गुण सांगितले : सामर्थ्य आणि विश्वासूपणा (२८:२६). केवळ सज्जन पण काम न जमणारा, किंवा कामाचा पण हात अस्वच्छ असणारा, असे अर्धे पात्र पुरेसे नाही. प्रेषितांना (स.) कोणी विचारले की अमानत नष्ट होते म्हणजे काय, तेव्हा त्यांनी सांगितले की कारभार अपात्र लोकांच्या हाती सोपविला जाणे म्हणजेच ती नष्ट होणे (बुखारी).

येथे आपण आपल्या समाजाशी प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. निवडणूक आली की आपणही “आपला माणूस” शोधू लागतो. आपल्या लोकांवर प्रेम करणे गैर नाही. प्रेषितांना (स.) विचारण्यात आले की स्वजनांवर प्रेम करणे हा पक्षपात आहे काय? त्यांनी नाही म्हटले. अन्यायाच्या कामी स्वजनांना साहाय्य करणे हा पक्षपात होय, असे स्पष्ट केले (इब्ने माजा). अल्लाहची आज्ञा आहे की न्यायावर ठाम राहा, मग ती साक्ष स्वतःच्या, आई-वडिलांच्या किंवा आप्तांच्या विरुद्ध का जाईना (४:१३५). आणि कोणा समूहाच्या वैरामुळेही न्यायापासून ढळू नका (५:८). म्हणून मशिदीच्या मिंबरवरून कोणा उमेदवाराचे नाव घेतले जाऊ नये. धर्माच्या नावाने मत मागणे हा लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसारही भ्रष्ट आचार आहे. मिंबरचे काम निकष सांगण्याचे आहे, नाव सांगण्याचे नाही.

आपले मत केवळ आपल्या मोहल्ल्यासाठी नसते. ते पवनेच्या काठच्या शेतकऱ्यासाठी, डोंगरातील कातकरी पाड्यासाठी, तळेगावच्या कारखान्यातील कामगारासाठीही असते. ९ ऑगस्ट २०११ हा दिवस मावळ विसरलेला नाही. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडकडे जाणाऱ्या बंद जलवाहिनीविरुद्ध शेतकरी द्रुतगती मार्गावर बऊर येथे उतरले होते आणि पोलिसांच्या गोळीबारात तिघे मृत्युमुखी पडले. पाण्याचा आणि जमिनीचा प्रश्न योग्य वेळी, योग्य ठिकाणी मांडणारा प्रतिनिधी असणे म्हणजे काय, हे त्या तीन घरांना विचारावे. त्या घरांचा धर्म आपल्याहून वेगळा असेल. त्यांचा आपल्यावरील शेजारहक्क वेगळा नाही.

गुलाल आणि मौन

आता त्या वडिलांचा पहिला प्रश्न. दारातील फटाके आणि आतून लावलेले दार.

सूरह हदीदमध्ये अल्लाहने मार्ग दाखविला आहे : जे हातून गेले त्यासाठी खचून जाऊ नका आणि जे मिळाले त्यावर फुशारू नका (५७:२३). एकाच आयतीत दोन्ही भावांसाठी उपदेश आहे.

विजयाचा शिष्टाचार पाहावयाचा असेल, तर मक्का विजयाचा दिवस आठवा. ज्या नगरीने हाकलून दिले होते, तिच्यात प्रेषित (स.) प्रवेश करीत होते. छाती काढून नव्हे. नम्रतेने मस्तक इतके झुकलेले होते की ते उंटाच्या खोगिराला टेकेल असे वाटत होते. सूरह नस्रमध्ये विजय आल्यावर काय करावे हे सांगितले आहे : पालनकर्त्याचा गौरव करा आणि त्याच्याकडे क्षमा मागा. विजयाबरोबर क्षमायाचना का? कारण विजय हे बक्षीस नसून ओझे आहे. हजरत अबू जर (रजि.) यांनी पद मागितले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सावध केले की ही अमानत आहे आणि तिचे हक्क पूर्ण न करणाऱ्यासाठी कयामतच्या दिवशी ती अपमान व पश्चात्ताप ठरेल (मुस्लिम). ज्याला हे समजले, तो निवडून आलेल्याच्या मिरवणुकीत नाचण्याऐवजी त्याच्यासाठी दुआ करील.

आणि पराभूतांनी? प्रेषितांनी (स.) फर्माविले आहे की तीन दिवसांपेक्षा अधिक काळ आपल्या भावाशी अबोला धरणे वैध नाही, आणि दोघांत श्रेष्ठ तो, जो प्रथम सलाम करतो (बुखारी, मुस्लिम). पाहा, येथे श्रेष्ठत्व कोण बरोबर होता यावरून ठरलेले नाही. प्रथम सलाम कोणी केला, यावरून ठरले आहे. उमेदवार पक्ष बदलतात, युती बदलतात, कालचे विरोधक उद्या एका व्यासपीठावर बसतात. मावळने हे दोन निवडणुकांत पाहिले आहे. त्यांच्यासाठी ज्या भावांनी एकमेकांना सोडले, त्यांचे काय?

निकालानंतरचे कर्तव्य

हजरत अबूबक्र (रजि.) खलीफा झाले, तेव्हा पहिल्याच भाषणात त्यांनी लोकांना सांगितले की मी तुमच्यात सर्वोत्तम नाही, योग्य चाललो तर साहाय्य करा, चुकलो तर मला सरळ करा. ज्यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका नव्हती त्यांनीच लोकांना हा अधिकार दिला. म्हणून ज्याला मत दिले तो निवडून आला, तर त्याला विचारण्याची जबाबदारी आपल्यावर अधिक आहे, कारण शिफारस आपली होती. आणि ज्याला मत दिले नाही तो निवडून आला, तरी तो आता आपलाही प्रतिनिधी आहे; चांगल्या कामात त्याला साथ देणे आणि चूक दिसल्यास सभ्यपणे, लेखी, पुन्हा पुन्हा दाखवून देणे, हे आपले कर्तव्य आहे. आपल्या मोहल्ल्यातील चार समंजस स्त्री-पुरुषांनी एकत्र बसून पाणी, शाळा, दवाखाना, कब्रस्तान यांच्या अडचणींची यादी करावी आणि तीत शेजारच्या वस्तीच्या अडचणीही लिहाव्यात.

नगरपरिषद आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुकाही येतच असतात. तेव्हा उमेदवार अधिक जवळचे असतील, नाती अधिक गुंतलेली असतील आणि मोहही अधिक असेल. त्या वेळी ही शाई आठवावी.

पुढच्या जुमाला ते वृद्ध गृहस्थ पुन्हा आले. मी काही विचारले नाही. सफ उभी राहत होती. त्यांच्या एका बाजूला थोरला मुलगा होता आणि नमाज सुरू होता होता धाकटा येऊन दुसऱ्या बाजूला उभा राहिला. दोघे अजून बोलत होते की नाही, मला ठाऊक नाही. परंतु सफ सरळ होती आणि मध्ये बाप होता. अल्लाहने इच्छिले, तर सलाम फार दूर नसावा.

हे अल्लाह! आम्हांला सत्य साक्ष देणारे बनव. आमच्या हातांना त्या दिवशी आमच्या बाजूने बोलू दे. ज्यांच्या हाती तू कारभार दिला आहेस त्यांना न्यायाची व करुणेची सद्बुद्धी दे, आमच्या घरांतील दुरावा मिटव, आणि आमच्या मावळच्या मातीत, येथे राहणाऱ्या सर्वांसाठी, शांती व बरकत दे. आमीन.